तीनशेत दोनशे पाणी

आपा, आज रविवार आहे आणि मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून दोन बादल्या कपडे धुतले. वाळलेले पुन्हा झटकले. शेगडी पुसली, पुसलेली परत पुसली. खोलीतल्या दोघी शिर्डीला बाजाराला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "चल की, घरात बसून काय करतीस?" नाही गेले. घरात बसूनही काही करत नाहीये. कॅलेंडरचं जुनं पान पालथं घालून त्यावर तुम्हाला लिहायला बसले, तर पेन आधी आकडेच काढायला लागलं.

उद्या लॅबमधल्या मीडिया रूमचं, रोपांचं खाणं बनवायच्या खोलीचं, कुलूप मी उघडायचंय. तुम्ही गेलात त्याला अकरा दिवस झाले, पण एवढे दिवस तुम्ही करून ठेवलेल्या स्टॉकवर आणि लिहून ठेवलेल्या हिशेबांवर काम चाललं होतं. म्हणजे तुम्ही नव्हतात तरी गणित तुमचंच होतं. काल दुपारी ती स्टॉकची बाटली संपली. साहेब आले, रिकामी बाटली बघितली आणि म्हणाले, "सुनंदा, सोमवारी नवीन स्टॉक तू कर. या वेळी साठ लिटर मीडिया लागंल. जमलं तर इथून पुढं मीडिया रूम तुझ्याकडं. न्हाई जमलं तर नगरहून एखादी बीएस्सी झालेली बघतो, तू तिच्या हाताखाली ऱ्हा." त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं. हिशेबाच्या कागदावर दोन सह्या लागतात, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. पाच वर्षांत तपासणाऱ्याच्या रकान्यात तुमची, नाहीतर अलीकडे तुमच्या हिशेबाखाली माझी, याशिवाय कुणाची सही मी पाहिली नाही. उद्या मी करणार. तपासणार कोण?

तुमच्या घरी आले होते मी, त्या दिवशी. फोन आला तेव्हा हातात भरलेल्या बरण्यांचा ट्रे होता, तो नीट खाली ठेवला, हे मला आठवतंय. मग शिर्डीहून एसटी धरली. नगरला पोचेपर्यंत तुम्हाला नेलेलं होतं. बायका बसल्या होत्या. तुमच्या नसरीनशेजारी जाऊन मी बसले. ती मला चेहऱ्याने ओळखत नव्हती, नावाने ओळखत होती. तिने विचारलं, "अम्मी तिकडं नेमकं काय करायची? आम्हाला म्हणायची, केळीच्या पोरांना जेवायला घालते."

मी सांगायला लागले. की मातीशिवाय रोपं वाढवतात. काचेच्या बरणीत जेलीसारखं खाणं भरतात, त्याला आम्ही मीडिया म्हणतो. त्या खाण्यात साखर, क्षार आणि वाढीचं औषध असतं, आणि ते औषध इतकं थोडं लागतं की लिटरला तीन मिलिग्रॅम. एवढं थोडं रोज कुठे तोलणार? म्हणून आधी घट्ट द्रावण करून फ्रिजमध्ये ठेवायचं, तो स्टॉक, आणि लागेल तसं मोजून पाण्यात घालून पातळ करायचं. किती घातलं म्हणजे किती पातळ होतं, ते गणित अम्मीचं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की भोवतालच्या बायका ऐकतायत आणि मी अशा घरात मिलिग्रॅम सांगतेय. थांबले. तर नसरीन म्हणाली, "तू सुनंदा ना? अम्मी तुझं लई सांगायची. म्हणायची, ती पोरगी माझ्या चुका काढते."

आपा, मी तुमची एकही चूक कधी काढलेली नाही. हे तुम्हालाही माहीत होतं. मग घरी असं का सांगितलंत? अकरा दिवस मी हेच चघळतेय.

मी आले तेव्हा एकोणीसची होते. खर्ड्याहून तीन एसट्या बदलून, एक पिशवी घेऊन. आमच्या आळीतली एक जण इथं रोपं कापायला होती, तिच्या ओळखीवर. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "शिक्षण?"

"आठवी."

"पास का नापास?"

"परीक्षेला बसलेच न्हाई. आई-बाप ऊसतोडीच्या टोळीवर गेले, बारकी दोघं माझ्यापाशी हुती."

"मग नापास न्हाईस," तुम्ही म्हणालात आणि वहीत काहीतरी लिहिलंत. काय लिहिलंत ते मी नंतर चोरून बघितलं. 'सुनंदा, आठवीपर्यंत' एवढंच होतं. पण ते 'मग नापास न्हाईस' मी खोलीवर जाऊन तिघींना सांगितलं होतं.

पहिली चूक आठवड्याच्या आत केली. केळीचे कोंब धुवायचं ब्लीच चार टक्क्यांचं होतं, ते तुम्हाला दोन टक्क्यांचं हवं होतं. एक लिटरची बाटली माझ्या हातात दिलीत आणि मुद्दामच असेल, किती पाणी घालायचं ते सांगितलं नाहीत. मी मनात हिशेब केला. एक लिटर पाणी घातलं की चाराचे तीन, दुसरं घातलं की तिनाचे दोन. दोन लिटर पाणी घातलं आणि छाती काढून उभी राहिले. तुम्ही बादलीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत.

"दोन झालं?"

"व्हय आपा."

"मग अजून दोन लिटर घातलं तर काय व्हईल?"

"काय न्हाई उरनार."

"म्हणजे चार लिटर पान्यात ब्लीच मेलं. कुठं गेलं गं? भिंतीतून पळालं का?"

तेव्हा मी रडायच्या बेताला आले होते. तुम्ही डबा उघडलात. सीताफळांचे दिवस होते, तुमच्या डब्यात सीताफळ होतं. ते खाऊन तुम्ही चार बिया धुतल्यात आणि एका वाटीभर पाण्यात टाकल्यात. "हे तुझं चार टक्के. वाटीला चार बिया." मग ती वाटी पातेल्यात ओतलीत, वर आणखी एक वाटी पाणी ओतलंत. "आता दोन वाट्या झाल्या. बिया किती?"

"चारच."

"मग वाटीला किती आल्या?"

"दोन."

"एका लिटरातच तुझं दोन टक्के झालं हुतं. तू दोन लिटर ओतलंस. आता तीन वाट्या झाल्या. चार बिया तीन वाट्यांत वाट."

"बी फोडावी लागंल."

"म्हणून गणित शिकायचं. बी न फोडता वाटता येतं."

त्या दिवशी तुम्ही मला एवढंच शिकवलंत की पाणी घालण्याआधी जेवढ्या बिया, तेवढ्याच पाणी घातल्यावर. आधीचा जोर गुणिले आधीचं माप, बरोबर नंतरचा जोर गुणिले नंतरचं माप. शाळेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायच्या वर्गापर्यंत मी पोचलेच नव्हते. घरी फोन केला तर आई म्हणाली, "पानी घालायचं बी शिकवत्यात व्हय तिकडं?" आणि हसली. मीही हसले. पण मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं होतं की मी इथे टिकेन.

भांडणंही झाली आपली. 'अंदाजे' हा शब्द तुम्हाला चालायचा नाही. मी म्हणायचे, आपा, घरी मी वीस माणसांची आमटी अंदाजाने करते, कधी बिघडत नाही. तर तुम्ही म्हणायच्या, "तुझ्या आमटीत जीभ घालून बघता येतं. आन केळीला जीभ न्हाई, ती आळणी हाय म्हणून सांगायला येत न्हाई. तीन आठवड्यांनी नुसती बसून ऱ्हाती." मापाच्या नळकांड्यात पाणी घेतलं की तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांवर वाकायच्या, डोळा पाण्याच्या रेषेला लावायच्या. मी नळकांडंच उचलून डोळ्यापाशी नेलं की ओरडायच्या, "पानी हालतंय, तू हाल की." तुमचे गुडघे एवढे दुखायचे आणि तरी तुम्हीच वाकायच्या. मी एकदा म्हटलं, "मी बघते, तुम्ही उभ्या ऱ्हा." तेव्हा म्हणालात, "तू बघितलंस ते मला दिसत न्हाई." मला राग आला होता. मला वाटलं, तुमचा माझ्यावर भरवसा नाही.

आता जे सांगायचंय त्याच्याभोवती मी सकाळपासून फिरतेय. मधे उठून चहा केला. प्यायले नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, स्टॉकची. मी तेव्हा बरण्या धुवायचे. तुम्ही सुट्टीवर होतात, नसरीनच्या बाळंतपणाला. फ्रिजमधली लिटरची मोठी बाटली साफसफाईला काढली होती. तिच्यात तीनशे मिली औषध उरलेलं, एका मिलीत एक मिलिग्रॅम जोराचं. मी ते अर्ध्या लिटरच्या लहान बाटलीत ओतलं. मोठ्या बाटलीच्या आत कडेला औषध चिकटलेलं होतं. आपा, आमच्यात दुधाचं पातेलं रिकामं झालं की त्यात घोटभर पाणी घालून विसळतात आणि ते चहात ओततात. मिक्सरच्या भांड्यातलं वाटण निघालं की भांडं विसळून ते पाणी कालवणात जातं. तेलाच्या पिशवीलासुद्धा पाणी दाखवतात. चिकटलेलं फेकायचं नाही, हे माझ्या हाताला माहीत आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. मी मोठी बाटली डिस्टिल्ड पाण्याने विसळली आणि ते पाणी लहान बाटलीत ओतलं. परत विसळली, परत ओतलं. लहान बाटली गळ्यापर्यंत भरली. पाचशेच्या रेषेला टेकली. बघायला किती बरं वाटलं म्हणून सांगू. जुनं लेबल काढून तसंच्या तसं तिच्यावर लावलं. एका मिलीत एक मिलिग्रॅम.

मला वाटलं, मी औषध वाचवलं.

तुम्ही परत आलात. त्या बाटलीतून पन्नास-पन्नास लिटर मीडियाच्या तीन खेपा निघाल्या. दर खेपेला दीडशे मिली. साडेतीन हजारांवर बरण्या भरल्या. तीन आठवडे झाले, चार झाले, केळी फुटेचना. एका कोंबाला चार-पाच फुटवे यायचे तिथं एखादा, नाहीतर तोही नाही. बरण्यांमधून रोपं हिरवीगार, पण नुसती उभी. तुम्ही मीडिया रूममध्ये कोंडून घेतलंत. बाटलीत उरलेलं औषध मापात ओतून बघितलंत, पन्नास मिली भरलं. रजिस्टर उघडलंत. मग बाहेर येऊन आम्हा सगळ्या जणींना उभं केलंत.

"स्टॉकमधे पानी गेलंय. कोणी घातलं ते मला नको. नाव नको. किती घातलं तो आकडा पायजे, म्हणजे मला काढता येईल. मी टेबलावर कागद ठेवते, पेन ठेवते. ज्यानं घातलं त्यानं आकडा लिहून ठेवा."

आणि तुम्ही जेवायला गेलात. आम्हीही गेलो. मी पाणी प्यायला म्हणून उठले. नोकरी गेली तर परत तीन एसट्या, परत आई म्हणणार, पाणी घालायचंसुद्धा जमलं नाही. कागदावर लिहिलं, २००. आणि पळाले.

तुम्ही गणित केलंत. तीनशे गुणिले एक, बरोबर पाचशे गुणिले किती. शून्य पूर्णांक सहा. म्हणजे लिटरला तीनच्या जागी एक पूर्णांक आठ गेलं होतं. साहेब म्हणत होते, बरण्या फेकून द्या. तुम्ही हटून बसलात की रोपं मेलेली नाहीत, उपाशी आहेत, बरोबर जोराच्या मीडियात घातली की फुटतील. फुटली. महिना-दीड महिना मागे पडलो, पण फुटली. साहेबांनी विचारलं, चूक कोणाची. तुम्ही म्हणालात, "तपासनाऱ्याच्या खाली सही माझी हाय." साहेबांनी लेखी मागितलं.

तुम्ही उर्दू शाळेत शिकलेल्या. मराठी वाचायच्या फडाफडा, लिहायला मात्र कचरायच्या. मला बोलावलंत. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिही." मी लिहायला बसले. तुम्ही सांगत होतात आणि मी लिहीत होते. 'माझ्या नजरचुकीने स्टॉकच्या बाटलीत २०० मिली पाणी अधिक गेल्याचे माझ्या लक्षात आले नाही. पुढे असे होणार नाही.' माझी चूक, माझं अक्षर आणि खाली तुमची सही. सही करण्याआधी तुम्ही कागद हातात धरून बघत राहिलात. त्या २०० वर तुमची नजर थांबली. माझा दोन खाली शेपूट सोडतो, आठवीत बाईंनी त्यासाठी पट्टी मारली होती. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. सही केलीत. म्हणालात, "सोमवारपासून तू मीडिया रूमला ये. बरण्या धुवायला दुसरी बघू."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. दार लावलेलं होतं, दोघीच होतो. मी 'व्हय आपा' म्हटलं.

त्यानंतर तुम्ही मला सगळं शिकवलंत. तराजूवर एक ग्रॅम कसं तोलायचं. औषध आधी चार थेंब कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवायचं. पाणी सगळ्यात शेवटी, आणि 'एक लिटर पाणी' घालायचं नसतं, 'एक लिटर होईपर्यंत' घालायचं असतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दे म्हणून मागे लागलात. मी दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणायचे. तुम्ही म्हणायच्या, "तुझं पुढचं वर्ष खर्ड्याच्या एसटीसारखं हाय. लागली लागली म्हणतात, आन फलाटावर काय येत न्हाई." मी म्हणायचे, मला गणित येत नाही, तुम्ही शेजारी असलात की येतं.

आणि मग गेल्या हिवाळ्यातलं ते भांडण. तुम्हाला बरं नव्हतं, तरी हिशेब तुम्ही केलात आणि तपासायला माझ्याकडे सरकवलात, पहिल्यांदाच. दीडशेच्या जागी तुम्ही पंधरा लिहिलं होतं. मला दिसलं. मी मुकाट सही केली आणि बाटलीतून दीडशे मोजून घातलं. काम बरोबर झालं. संध्याकाळी तुम्ही रजिस्टर चाळताना थांबलात.

"मी पंधरा लिहिलंय. तू काय घातलंस?"

"दीडशे."

"म्हणजे तुला दिसलं हुतं."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमची चूक मी कशी काढायची आपा? मोठ्या माणसाची?"

एवढ्या वर्षांत तुमचा आवाज मी तसा ऐकला नव्हता. "मी मेल्यावर माझा फोटो लाव, हार घाल. जिवंतपणी माझ्या सहीची पूजा करू नको. तिथं दोन सह्या कशाला ठेवल्यात? शोभेला? एकीनं चुकायचं आन दुसरीनं गप ऱ्हायचं, मग एकच बाई पुरं हाय की." मीही चिडले. म्हटलं, काम तर बरोबर केलं ना. तुम्ही म्हणालात, "काम बरोबर केलंस आन माझी चूक तशीच ठिवलीस. उद्या मी परत पंधरा लिहीन." आणि मग हळू आवाजात, "तुला गप ऱ्हायची लई सवय हाय, सुनंदा."

दोन दिवस आपण कामापुरतं बोललो. मग आपोआप बोलायला लागलो, तुम्ही चटणी आणलीत, मी भाकरी दिली. भांडण मिटलं नाही, नुसतं मागे पडलं. त्यानंतर तुम्ही बऱ्याचदा हिशेब माझ्यापुढे सरकवायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी शोधायचे, चूक नसायची, सही करायचे. तुम्ही कसली वाट बघत होतात?

मघाशी उद्याची तालीम म्हणून कॅलेंडरच्या पानावर जुनी गणितं करत होते. ते तीनशे आणि दोनशेचं पण केलं, मुद्दाम, स्वतःला टोचायला. रजिस्टरप्रमाणे बाटलीत उरलेले तीनशे. त्यातून तीन खेपा निघाल्या, दीडशे, दीडशे, दीडशे, झाले साडेचारशे. वर पन्नास शिल्लक, जे तुम्ही स्वतः मापात ओतून बघितलं होतं. साडेचारशे आणि पन्नास पाचशे. पाचशेतून तीनशे गेले, दोनशे.

आपा, तुम्हाला माझ्या चिठ्ठीची गरज नव्हती. आकडा तुमच्याकडे आधीच होता. आम्हाला उभं करण्याच्या आधी, आत कोंडून घेतलं होतंत तेव्हाच काढला होता तुम्ही. तुमच्यासारखी बाई ही वजाबाकी करणार नाही असं होणारच नाही. मग कागद आणि पेन टेबलावर ठेवून जेवायला का गेलात?

मी पेन खाली ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. दोन वर्षं मला वाटत होतं की मी निदान आकडा तरी खरा दिला, तेवढा तरी उपयोग झाला. उपयोग काहीच झाला नव्हता. तुम्ही मला एक दार उघडून दिलं होतंत, मी त्यातून हात तेवढा बाहेर काढला. आणि आणखी एक गोष्ट आज दिसली. तीनशे शिल्लक असलेल्या बाटलीतून तिसरी खेप निघूच शकत नव्हती. तिसऱ्या वेळी रजिस्टर सांगत होतं की बाटली रिकामी आहे, आणि तुम्ही सही केलीत. म्हणजे 'माझ्या नजरचुकीने' हे तुम्ही मला झाकायला लिहून घेतलेलं नव्हतं. ते खरं होतं. तेव्हाही धुतलेल्या बरण्या घेऊन मी शेजारी उभी होते. माझ्या डोळ्यासमोर तुमची चूक होती आणि तुमच्या डोळ्यासमोर माझी.

तर सांगते. बाटली मी विसळली. मी, सुनंदाने. चिठ्ठीवर दोनशे मी लिहिलं. तुम्ही ओळखलं होतं, तरी सांगते, कारण ओळखलेलं वेगळं आणि सांगितलेलं वेगळं. नोकरीच्या भीतीने बोलले नाही. नंतर तुम्ही एवढं दिलंत की त्याच्या भीतीने बोलले नाही. आज माझ्या घरच्यांना मी काय करते ते सांगता येत नाही, पण तुमच्यामुळे मला येतं. हे उपकार म्हणून म्हणत नाही, तुम्हाला उपकार शब्दाची चीड होती. नुसतं सांगून ठेवते.

पोरी बाजारातून आल्या. पुढचं उद्या.

सोमवार. संध्याकाळ. हात अजून साखरेने चिकट आहेत.

सकाळी लवकर गेले. एक ग्रॅम तोललं, तीनदा. विरघळवलं. लिटरच्या रेषेपर्यंत पाणी घातलं आणि वाकून बघितलं. मग मीडियाचा हिशेब लिहिला, सही केली आणि कागद वैशालीपुढे ठेवला. वैशाली तुम्ही पाहिलेली आहे, अस्तगावची, बारावी सायन्स झालेली, तुम्ही आजारी पडायच्या महिनाभर आधी लागली. तुम्ही तिला 'ओढणी सांभाळ, बरण्यांच्या कुकरात जाईल' म्हणाला होतात. साहेबांना मी विचारलं होतं, तपासायला ती चालेल का. ते म्हणाले, चालेल की.

वैशालीने कागद वाचला. पेन सहीच्या रकान्यावर नेलं. तिथे ते थोडं थांबलं, अगदी थोडं, आणि मग खाली टेकलं. ते थांबणं मी ओळखलं. माझंच होतं ते.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही ताई."

"वैशाली."

"नाही, म्हणजे तुमचं बरोबरच असणार."

"माझं बरोबर असतं तर कागद तुझ्याकडं कशाला दिला असता? बोल."

ती लाल झाली. "ताई, आज साठ लिटर आहे ना. तुम्ही दीडशे लिहिलंय. दीडशे पन्नास लिटरला. साठला एकशे ऐंशी होतील. का मीच चुकतेय?"

दोन दिवस रात्रंदिवस दुसरं काही केलं नव्हतं मी. दोन वर्षं पन्नास लिटर, दोन वर्षं दीडशे. हात दीडशे लिहून मोकळा झाला. पहिल्यांदा वाटलं, झालं, बीएस्सीवाली आली. मग दीडशेवर एक आडवी रेघ मारली, खोडलेलं वाचता येईल अशी, शेजारी १८० लिहिलं. तिथे मी सही केली, तिने केली. साहेब मधे डोकावले, कागद उचलून बघितला, रेघ बघितली, "चूक कोनी काढली?" म्हणाले. मी वैशालीकडे बोट केलं. ते कागद ठेवून गेले. पुढे काय ठरवतील माहीत नाही. केळी फुटली की नाही हे कळायलाच तीन आठवडे आहेत आणि ते मला सोपे जाणार नाहीत.

बरण्या भरायला बसलो तेव्हा वैशाली माझ्यापासून दोन हात लांब बसली. तिला वाटत होतं मी रागावलेय. मग मी तिला त्या बाटलीचं सगळं सांगितलं, विसळण्यापासून सहीपर्यंत, माझ्या नावासकट. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती हसली, म्हणाली, "आमची आई पण तेलाची पिशवी विसळते." मग हात थांबवून म्हणाली, "मग आपांना तुम्ही कधी सांगितलंत?"

"काल," मी म्हणाले.

मी तिच्यापुढे पुढची बरणी सरकवली.